सरका थोडं

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं भावंडं मुंबईला ध्वनियंत्रांचं एक प्रदर्शन पाहायला गेलो. दोघं जळगावचे, दोघं धुळ्याचे. चौघांच्या वयाची बेरीज अडीचशेला टेकलेली. पुतण्यानं हौसेनं आमची नावं नोंदवून ठेवली होती. मोठ्या हॉटेलातल्या खोल्यांतून पलंग बाहेर काढलेले, दारांना जाड पडदे, भिंतींना आवाज शोषून घेणाऱ्या मऊ फळ्या, आणि प्रत्येक खोलीत एकेक संच मांडलेला. माणसाएवढे उंच स्पीकर, मनगटाएवढ्या जाड वायरी, काळ्या ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर. किमती लाखांत.

आणि खोलीच्या मधोमध, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, एक खुर्ची.

"खरा आवाज इथंच भेटतो, काका," तिथला तरुण मुलगा अदबीनं म्हणाला. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला की गाणारी बाई बरोबर समोर उभी राहते, तबला तिच्या एका बाजूला बसतो, सारंगी दुसऱ्या. खुर्ची वीतभर सरकली तरी सगळी बैठक विस्कटते. म्हणून एकेकानं बसायचं, ऐकायचं, उठायचं.

आम्ही एकेक करून बसलो. आवाज खरोखर देखणा होता. गाणारीनं ओळीच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. चौथा उठला तेव्हा आमच्या फुईचा, म्हणजे आत्याचा, मुलगा हळूच म्हणाला, "बाकीच्यांनी कुठं बसायचं भो?"

त्या एका वाक्यासरशी आम्ही चौघंही आमच्या ओसरीवर जाऊन पोहोचलो.

आमचं घर दोन गावांत वाटलेलं होतं. आबा आणि मोठी माय, म्हणजे आजोबा-आजी, आणि काका-काकू जळगावला, बळीराम पेठेच्या अंगाला. फुई आणि तिचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची, ते धुळ्याला, जिथं गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात. सुट्टी लागली की एस.टी.नं एरंडोल-पारोळ्यावरून इकडची पोरं तिकडे आणि तिकडची इकडे. दोन्ही घरांना ओसरी होती, ओसरीत उंच फळी होती आणि फळीवर रेडिओ होता.

जळगावचा रेडिओ मर्फीचा. आमच्यातल्या थोरल्याच्याही आधी तो घरात आला. त्या वर्षी कपाशीला बरा भाव मिळाला होता. आबांनी तो टांग्यातून, मांडीवर घेऊन आणला म्हणतात. मोठ्या मायनं त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, मग बटण फिरवलं. आणि काहीच वाजलं नाही. सगळे घाबरले. दुकानदाराचा माणूस म्हणाला, "थांबा, तापू द्या." आतले व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागायचं. मग पेटीवरच्या दिव्याचा हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, काटा स्टेशनावर नीट बसला की डोळ्याची फट मिटत यायची, आणि लाकडाच्या पेटीतून, जाळीदार कापडामागून माणूस बोलू लागायचा.

त्या दिवशी ओसरीवर प्रदर्शनच भरलं होतं. तिकीट नाही, नोंदणी नाही. समोरचे आले, बाजूचे आले, कापूस पिंजणारे आले, दूधवाला घागर खाली ठेवून उभा राहिला. बायका आतल्या दाराशी, पोरं उंबऱ्यावर, उरलेले रस्त्यावर. आणि नवीन माणूस आला की कुणीतरी म्हणायचंच, "सरका थोडं."

हे दोन शब्द आमच्या लहानपणाचे. रेडिओभोवती सरका थोडं. तबकड्यांभोवती सरका थोडं. धुळ्याला गेलं की तेच अहिराणीत, "सरक ना भो." चटई तेवढीच असायची, माणसं वाढत जायची. तरी कुणी जागा नाही म्हणून परत गेल्याचं आठवत नाही.

एक जागा मात्र कधी सरकायची नाही. ती आबांची. आबा उमेदीत कापसाच्या जिनिंगमध्ये होते. तिथल्या यंत्रांच्या धडधडाटानं त्यांचे कान लवकर गेले. म्हणून फळीखाली, रेडिओला अगदी खेटून, त्यांचा पाट. बातम्या लागल्या की ते एक कान पेटीकडे करायचे, आणि गाणं लागलं की उठून पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून उभे राहायचे. "कोन गाई ऱ्हायनं?" असं विचारायचे. आम्ही ओरडून नाव सांगायचो. ते मान हलवायचे. त्यांना किती ऐकू येत होतं कोण जाणे. पण तबला सुरू झाला की हाताखालचं लाकूड थरथरतं हे त्यांनीच आम्हाला दाखवलं. ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याला सगळ्यात जवळची जागा, हा आमच्या घरचा नियम होता. तो कुणी केला नव्हता, आणि कुणी मोडलाही नाही.

रेडिओचे लाड तरी किती! तांब्याच्या जाळीची पट्टी, म्हणजे एरियल, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. तिच्यावर चिमण्या बसल्या की काकू हुसकायची. रेडिओच्या अंगावर काकूनंच भरलेलं कव्हर, त्यावर दोन मोर. पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवान्याच्या पुस्तकात शिक्का मारून आणायचा, तो मान काकांचा. सकाळच्या बातम्यांवर घड्याळं लावायची. दुपारी रेडिओला विश्रांती, कारण 'त्यालाही उन्हाळा आहे'. जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना शिवायचा. मोठी माय रेडिओजवळ ओलं फडकं टांगायची, जसं माठाला गुंडाळतात तसं.

आणि रात्र पडली की लांबची स्टेशनं जवळ यायची. दिवसा जे खरखरत असे ते रात्री आकाशाच्या वरच्या थरावरून परतून स्वच्छ लागायचं. इंदूर यायचं, शॉर्टवेव्हवर सिलोन यायचं. १९५२ पासून बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, आणि अमीन सायानींचा तो घरातल्या माणसासारखा आवाज. सिलोनचा आवाज लाटेसारखा मोठा-लहान व्हायचा. मोठा झाला की ओसरी सैल बसायची, लहान झाला की सगळी ओसरी पुढे झुकायची. वीस-पंचवीस माणसं एकाच वेळी पुढे झुकताहेत, असं दृश्य आम्ही नंतर देवळातच पाहिलं.

१९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, त्याच्या गोष्टी आम्ही घरातूनच ऐकल्या. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. मोठी माय त्या वेळी आंघोळ करून, रेडिओला फूल वाहून बसायची म्हणे. पुढं बाळ ज. पंडितांचं मराठीतलं क्रिकेट समालोचन आलं. तेव्हा फूल नव्हतं, पण शांतता तीच. आणि १९७६ साली आकाशवाणीचं जळगाव केंद्र सुरू झालं तेव्हा तर आबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आता आपलं गाव बोलणार." केळीचे नि कपाशीचे भाव, शेतीची माहिती, आपल्या बोलीतली गाणी. मुंबई-पुण्याचा आवाज आम्ही पाहुण्यासारखा ऐकत होतो. हा आवाज शेजाऱ्यासारखा ऐकला.

धुळ्याला नानांकडे रेडिओ होताच, पण त्यांची खरी इस्टेट म्हणजे पत्र्याच्या पेटीतल्या तबकड्या. आम्ही त्यांना तवे म्हणायचो. लाखेचे काळे, जड, हातातून सुटला की खापरासारखे तुकडे होणारे तवे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. मैफलीत तासभर रंगणारा राग गवयानं तेवढ्यात बसवून दाखवायचा. नाना म्हणायचे, "हे म्हणजे हंडाभर पाणी गडव्यात आणणं, आणि एक थेंब सांडायचा नाही." फार जुन्या तव्यांच्या शेवटी गाणारी बाई आपलं नाव सांगायची. कारण ध्वनिमुद्रणं परदेशी जाऊन तिथं छापली जात, कोणतं कुणाचं हे तिथल्यांना कळायला हवं. आम्ही पोरं झोपाळ्यावर बसून गाणं म्हणायचो आणि शेवटी आपापलं नाव ठणकावून सांगायचो.

बालगंधर्वांचे तवे लागायचे तेव्हा नाना आम्हाला आठवण द्यायचे, "तुमच्या जळगावात शिकलाय हा पोरगा." लहानपणी बालगंधर्व, म्हणजे तेव्हाचे नारायण राजहंस, जळगावात असताना मेहबूबखाँकडे गाणं शिकले होते. बालगंधर्वांना 'हा पोरगा' म्हणणारा दुसरा माणूस आम्हाला भेटला नाही.

तवा लावणं हा विधी होता. नानांनी हात धुवायचे. तवा दोन तळहातांच्या कडांनी धरायचा. मऊ मलमलीनं गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. चावी भरायची, जास्त नाही, नाहीतर स्प्रिंग तुटते. टाचणीएवढी पोलादी सुई बदलायची. नव्या सुया डबीत, वापरलेल्या दुसऱ्या डबीत, कारण टाकायचं काहीच नसे. माडीवर कुणी चाललं की सुई उडायची, म्हणून ग्रामोफोनखाली शहाबादी फरशीचा तुकडा. मुंबईत त्या ग्रॅनाइटच्या लादीसमोर आम्ही चौघं एकमेकांकडे बघून हसलो ते याचसाठी. तरुण मुलगा सांगत होता, "जमिनीचा कंप सुईपर्यंत जाऊ नये म्हणून जड दगड." आमच्या नानांना हे ठाऊक होतं. त्यांची फरशी तेवढी न्हाणीघराची उरलेली होती.

टाकायचं काहीच नसे, हे खरंच. स्पीकरचा कागद फाटला, पतंगाचा कागद डिंकानं चिकटवला. चालतं अजून. वायर तुटली, मेकॅनिकनं डाग दिला. चालतं अजून. ट्रान्झिस्टरचे सेल संपले, अंगणात उन्हात ठेवले, संध्याकाळच्या बातम्यांपुरता जीव आला. चालतं अजून. ट्रान्झिस्टरची चामडी पिशवी उसवली, चांभारानं टाके घातले. कॅसेटची फीत गुंतली, पेन्सिल घालून गुंडाळली. फीत तुटली, नखरंगाचा थेंब लावून जोडली, आणि ते गाणं पुढं जन्मभर एका शब्दानं तोकडं ऐकलं. आजही ते गाणं कुठं पूर्ण ऐकलं की तो परत आलेला शब्द आम्हाला परका वाटतो.

मे महिन्यात एकदा फुईच्या थोरल्यानं लांब वाजणारी नवी रेकॉर्ड खिडकीत विसरली. संध्याकाळी तिची परात झाली होती. फुई रागावली नाही. तिनं ती दोन पाटांमध्ये घालून वर वरवंटा ठेवला. रेकॉर्ड काही सरळ झाली नाही. पुढं बरीच वर्षं तिच्यात पापडासारख्या बिबड्या वाळत होत्या.

मग डेक आला. ऐंशीच्या दशकात गल्लीत एकाकडे डेक आला की महिन्याभरात सगळ्यांकडे आला. दुकानात गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घ्यायची. साठ मिनिटांची की नव्वदची, यावर घरात चर्चा. कुणाकडे कॉस्मिकचा अँप्लिफायर, कुणाकडे सोनोडाइन. आमच्याकडे मेकॅनिकनं जुळवून दिलेला. त्याला खालचा सूर कमी पडायचा, म्हणून थोरल्यानं स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा बसवला. काय घुमला म्हणता! आतून मोठ्या मायनं विचारलं, "मंग पानी कशात ठेवू?" जळगावच्या उन्हाळ्यात हा प्रश्न साधा नव्हता. शेवटी बाजारातून दुसरा माठ आला, आणि 'पाण्याचा माठ' व 'गाण्याचा माठ' असे दोन शब्द घरात कायमचे रुळले.

आवाजासाठी खोली कशी असावी हेही आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. कापूस वेचून आला की भाव येईस्तोवर घरातच भरून ठेवायचे. मधली खोली आढ्यापर्यंत पांढरी. त्या दिवसांत रेडिओ निराळाच वाजायचा. घुमणं बंद, शब्द न शब्द सुटा, आणि आवाज असा मऊ की कुणी कानाशी बसून बोलतंय. भाव आला, गाडी भरली, खोली रिकामी झाली की आवाज पुन्हा भिंतींवर आपटायला लागे. काका म्हणायचे, "पैसा आला, पण गाणं गेलं." मुंबईत त्या मुलानं भिंतीवरच्या मऊ फळ्यांचं शास्त्र समजावलं, आवाज भिंतीवरून परतू नये म्हणून हा सगळा खर्च. आमचा थोरला त्याला म्हणाला, "बाळा, आमच्याकडे दिवाळीनंतर दोन महिने फुकटात होतं हे." मग त्याला कापसाची ती खोली सांगितली. मुलानं वही काढली आणि लिहून घेतलं.

लिहून घेतलं, हे पाहून बरं वाटलं. कारण नाना सांगायचे, आपल्या खानदेशातली सगळ्यात मोठी ध्वनिमुद्रणं यंत्राविना झाली आहेत. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून साने गुरुजी ते टिपत गेले, म्हणून 'गीता प्रवचने' आज घराघरांत आहेत. आणि आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गात गेल्या. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ऐकलं, उतरवून ठेवलं, म्हणून त्या १९५१ साली गेल्यावरही पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक निघू शकलं. "कोणी कान देऊन बसलं नसतं," नाना म्हणायचे, "तर हे सगळं वाऱ्यावर गेलं असतं. बोलणारा मोठा असतोच. ऐकणारापण मोठा पाहिजे."

म्हणून ऐकायला बसणं ही आमच्याकडे शिकवायची गोष्ट होती. तवा चालू असताना उठायचं नाही. मध्ये बोलायचं नाही. शेंगदाणे खायचे तर सोलून आणायचे. संपल्यावर लगेच दुसरा लावायचा नाही, थोडं थांबायचं. उशिरा येणाऱ्यानं चपला बाहेरच हळूच काढायच्या. आणि बसलेल्यांनी, डोळेही न उघडता, सरकायचं.

पुढं ओसरी पाडून खोली झाली. धुळ्याची माडी गेली. आबा गेले, नाना गेले, मोठी माय गेली. कानात घालायची छोटी यंत्रं आली. आता एका घरात पाच माणसं पाच गाणी ऐकतात आणि घर शांत असतं. ती गाणीही चांगली असतात, आवाज तर आमच्या मर्फीपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण जमून ऐकायची माणसाची भूक काही गेलेली नाही. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू केली, ती एकत्र बसून ऐकण्यासाठीसुद्धा. जळगावात दर जानेवारीत वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. थंडीत शाली गुंडाळून माणसं येतात, आणि रांगेच्या टोकाला कुणी घुटमळलं की अजून तेच दोन शब्द ऐकू येतात.

मुंबईच्या त्या प्रदर्शनात शेवटच्या खोलीत आम्ही आमच्याकडचा एक तवा घेऊन गेलो होतो, नानांच्या पेटीतला. तिथं व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. तेच जुने व्हॉल्व्ह, आता शोकेसमध्ये ठेवावेत असे उघड्यावर तेवत होते. जुन्या तबकड्यांची सोय त्यांच्याकडे होती. तिथल्या मुलीनं तवा दोन तळहातांच्या कडांनी धरला, मऊ फडक्यानं गोल पुसला, आडवा नाही. ते पाहूनच थोरल्याचे डोळे भरले.

तवा सुरू झाला. खरखर आली, आणि तिच्या आतून तो आवाज. खुर्चीवर थोरला, आम्ही तिघं मागे. अर्ध्या मिनिटात दार उघडलं. काठी टेकत एक आजोबा आत आले, कानामागे यंत्र लावलेलं. अनोळखी. दारातच थबकले, गाण्यात व्यत्यय नको म्हणून परत फिरायला लागले.

आणि आम्ही चौघं, एका वेळी, मोठ्यानं म्हणालो, "या या, सरकतो आम्ही!"

थोरला उठला. खुर्ची उचलून त्यानं स्पीकरला अगदी खेटून ठेवली. समभुज त्रिकोण मोडला. आजोबांना बसवलं, आणि आम्ही त्या गालिच्यावर मांडी घालून बसलो. पाठोपाठ आणखी दोघं-तिघं आत आले, तेही खाली बसले. आजोबांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि उजवा तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवला.

आता ती मुलगी काही बोलेल, असं आम्हाला वाटलं. ती उठली, सुई हलकेच उचलली, आणि तवा पुन्हा पहिल्यापासून लावला.